रुडॉल्फ कोलरची प्रौढ चित्रे : उभी गाय रंगवणाऱ्या हाताने उधळलेले वासरू कसे रंगवले?

लिमातकाठची यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त झ्युरिकमध्ये राहते. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण माझे झालेले नाही, पण इथल्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात वर्षातून तीन-चार वेळा तरी माझी फेरी होते आणि दर वेळी एकाच चित्रापुढे पाय थबकतात. ते चित्र म्हणजे रुडॉल्फ कोलर या स्विस चित्रकाराने १८७३ साली रंगवलेली ‘गोटहार्डची टपालगाडी’. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आल्प्समधल्या गोटहार्ड खिंडीच्या दक्षिण उतारावरचा ट्रेमोला घाट आहे. पाच घोड्यांची टपालगाडी, तीन घोडे पुढे आणि दोन मागे, घाटातून भरधाव खाली येते आहे. मागे धुळीच्या लोटात गायींचा कळप आहे आणि घोड्यांच्या अगदी तोंडापुढे एक वासरू जिवाच्या आकांताने चौखूर उधळले आहे. इथे हे चित्र छापील स्वरूपात इतक्या वेळा डोळ्यांपुढे येते की ते भिंतभर मोठे असणार असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ते ११७ सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या घरातल्या मध्यम आकाराच्या खिडकीएवढे.

माझी अडचण या चित्रापेक्षा त्याच्या आधीच्या एका चित्रामुळे सुरू झाली. कोलरचेच ‘भाजीच्या मळ्यातील गाय’ हे १८५७-५८ सालचे चित्रही याच संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यात काहीही घडत नाही. एक गाय भाजीच्या मळ्यात शिरली आहे, एवढेच. पण तिच्या अंगाचे वजन, तिची सावली, पायाखाली तुडवली जाणारी हिरवी पाने यांच्यापुढे उभे राहिले की त्या जनावराचा श्वास जाणवतो. ज्या चित्रकाराची सगळी ताकद अशा स्थिर, संथ पाहण्यात आहे, त्याने पंधरा वर्षांनी इतके वेगवान चित्र कशाच्या बळावर रंगवले? धावते घोडे आणि उधळलेले वासरू काही त्याच्यासमोर उभे राहिले नसणार. मग त्यातले प्रत्यक्ष पाहून किती आणि मनाने किती?

दुसरी शंका अशी. १८७० पासून कोलरला डोळ्यांचा विकार जडला आणि त्याचा त्याच्या कामावर परिणाम झाला, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले असते. ‘टपालगाडी’ तर त्यानंतरची आहे. त्याच्या उत्तरकाळातली काही चित्रे पाहताना मला जनावरांच्या कडा टणक झाल्यासारख्या आणि चित्रात गर्दी झाल्यासारखी वाटते. हे डोळ्यांमुळे, की गिऱ्हाइकांच्या मागणीमुळे, की माझ्याच नजरेला सराव नाही म्हणून? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रंगधानी यांचे उत्तर

ताई, प्रश्न फार नेमका विचारला आहे. मी तैलरंगात काम करतो आणि गेली बरीच वर्षे जनावरांची अभ्यासचित्रे करतो आहे, म्हणून कोलरकडे मी एका कारागिराने दुसऱ्याकडे पाहावे तसा पाहतो. त्या बाजूनेच उत्तर देतो.

आधी त्याची घडण पाहावी लागेल. कोलरचा जन्म १८२८ चा, झ्युरिकचाच. वडील खाटीक होते आणि खाणावळही चालवत. हा तपशील चरित्रात एका ओळीत उरकला जातो, पण माझ्या मते तो फार मोलाचा आहे, कारण त्या घरात वाढलेल्या मुलाला जनावर म्हणजे नुसती बाह्याकृती वाटणे शक्यच नव्हते. कातडीखाली मांस कुठे भरलेले असते आणि हाड कुठे वर येते हे त्याने चित्रकलेच्या वर्गात जाण्याआधीच पाहिले असणार. पुढे योहान याकोब उलरिश या निसर्गचित्रकाराकडे तो शिकला आणि १८४५ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, व्युर्टेमबर्गच्या राजाच्या अश्वपैदास केंद्रात घोड्यांचा अभ्यास करत राहिला. त्यानंतर ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत कार्ल फर्डिनांड सोन यांच्या हाताखाली मानवी आकृतीचे शिक्षण झाले. तिथे त्याची मैत्री आर्नोल्ड ब्यॉक्लिन या चित्रकाराशी जमली. दोघे मिळून ब्रसेल्स आणि अँटवर्पला गेले, मग पॅरिसला. लूव्रमध्ये कोलरने सतराव्या शतकातल्या डच पशुचित्रकारांच्या प्रतिकृती केल्या. त्याच काळात पॅरिसमध्ये रोझा बोन्हर आणि कॉन्स्तां त्रोयाँ यांची पशुचित्रे गाजत होती, तीही त्याच्या डोळ्यांखालून गेली. पैसे संपल्यावर १८४८ मध्ये तो घरी परतला आणि नंतर काही काळ म्युनिकला राहिला.

ब्यॉक्लिनचे नाव मी मुद्दाम घेतले. हे दोन जिवलग मित्र कामाच्या पद्धतीत एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाला होते. ब्यॉक्लिन निसर्ग पाहून घेई, मनात मुरवी आणि मग चित्रशाळेत स्मरणाने रंगवी. कोलरला मात्र जनावर समोर लागे. त्याने १८६२ मध्ये झ्युरिकहॉर्नला, सरोवराच्या काठी, ‘हॉर्नाऊ’ नावाचे घर घेतले आणि तिथे स्वतःची जनावरे पाळली. चित्रकाराने गाय विकत घेऊन दारात बांधणे हा हौसेचा भाग नव्हता. तंत्राचा विचार केला तर त्याच्या प्रौढ चित्रांचे सगळे बळ या एका निर्णयात आहे.

ज्यांनी कधी जनावर समोर ठेवून चित्र काढलेले नाही त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगतो. मी एकदा गावाकडे चुलतभावाच्या गोठ्यापुढे एका खिलार बैलाचे अभ्यासचित्र करायला बसलो. मागच्या पायाचा गुडघा काढून होतो न होतो तोच बैलाने वजन दुसऱ्या पायावर टाकले आणि पुठ्ठ्याची सगळी रेषा बदलली. मी कागद उलटला आणि नवी सुरुवात केली. असे सात कागद झाल्यावर लक्षात आले की तो दर थोड्या वेळाने पहिल्याच स्थितीत परत येतो. तेव्हा एकाच कागदावर तीन बैल सुरू ठेवायचे आणि तो ज्या स्थितीत येईल त्या रेखाटनावर हात फिरवायचा. परक्याच्या गोठ्यात हे दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी बैल नांगराला जातो. स्वतःच्या दारात तीच गाय रोज त्याच वेळी उन्हात येत असेल, तर चित्रकार तिची लकब पाठ करतो. तिची मान कोणत्या कोनात वळते, माशी बसली की कातडी कुठे थरथरते, शेपटीचा झुपका कुठवर पोहोचतो, हे सगळे डोळ्यांतून हातात उतरते. ‘धावते घोडे समोर उभे राहिले नसणार’ हे ताईंचे म्हणणे खरेच आहे, पण उभी राहिलेली शेकडो जनावरे आधी हातात उतरली होती, म्हणून धावते वासरू मनाने रंगवता आले. स्थिर चित्रे आणि वेगवान चित्र यांच्यात विरोध आहे असे मला वाटत नाही. पहिल्याने दुसऱ्याचे भांडवल जमवले.

आता प्रकाशाबद्दल, कारण कोलरच्या तंत्राचा गाभा तिथेच आहे. पशुचित्रांत एक जुना दोष असतो. जनावर चित्रशाळेच्या बंद उजेडात रंगवलेले आणि मागचा डोंगर उघड्यावरचा, त्यामुळे गाय कात्रीने कापून डोंगरावर चिकटवल्यासारखी दिसते. सतराव्या शतकातल्या पाउलस पॉटरच्या १६४७ सालच्या प्रसिद्ध बैलाच्या चित्रातही हा सांधा जाणवतो. तो बैल वेगवेगळ्या वयांच्या जनावरांच्या अवयवांतून जुळवलेला आहे, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. कोलर जनावर आणि भूमी एकाच उघड्या उजेडात पाहत होता. उन्हात उभ्या असलेल्या गायीची पाठ नीट पाहिली तर ती तिच्या अंगच्या रंगाची दिसत नाही. पाठीच्या कण्यावर आकाशाचा थंड, निळसर उजेड पडतो, बरगडीच्या फुगवट्यावर ऊन असते आणि पोटाखालच्या सावलीत गवताचा हिरवा परावर्तित उजेड शिरतो. हे तीन उजेड सांभाळले की जनावर आपोआप जमिनीवर उभे राहते. हासलीबर्गला, आणि ग्लारुसमधल्या क्लोनटाल खोऱ्यातल्या रिखिसाऊला तो मुक्कामाला जात असे. तिथे झाडांखाली, कुरणात रंगवताना त्याने हेच कमावले. त्याची अभ्यासचित्रे मला अनेकदा पूर्ण चित्रांहून जास्त आवडतात. त्यांत ओल्या रंगावर ओला रंग ठेवून फटक्यात काम संपवलेले असते. सावल्या पातळ आणि उजेड जाड, हा तैलरंगाचा जुना नियम तिथे जिवंत दिसतो. प्रदर्शनासाठी तेच चित्र मोठे करताना हा ताजेपणा थोडा हरवतो, आणि ‘कडा टणक वाटतात’ हे जे ताईंनी लिहिले त्याचे एक कारण इथे आहे. ते एकट्या कोलरचे दुखणे नाही, त्या पिढीतल्या बहुतेक चित्रकारांना ते होते.

डोळ्यांबद्दल मी एवढेच म्हणेन की ज्याची पद्धत समोर पाहून रंगवण्याची, त्याच्याकडून डोळे काढून घेणे ही स्मरणाने रंगवणाऱ्याच्या तुलनेत किती तरी मोठी शिक्षा आहे. १८७३ मध्ये ही शिक्षा सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. ‘टपालगाडी’त धुळीने जे झाकले आहे त्याकडे या दृष्टीने पाहा. मागचा कळप, रस्त्याची कड, चाकांखालची जमीन सगळे धुळीत विरते आणि उजेड पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या अश्वावर आणि वासरावर गोळा होतो. हा माझा तर्क आहे, पण बारीक तपशील ज्याला कष्टाने दिसतो असा चित्रकार मोठ्या आकारांवर आणि छायाप्रकाशाच्या ठळक फरकांवर विसंबू लागतो, आणि या चित्राला नेमके तेच हवे होते.

सातारचा पशुवैद्य यांचे उत्तर

मी चित्रकलेतला माणूस नाही. बत्तीस वर्षे गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. लेकीने हा धागा दाखवला. ते चित्र मी पडद्यावरच पाहिले, मोठे करून बराच वेळ पाहिले, आणि त्या वासराबद्दल मला लिहावेसे वाटले.

पाहणाऱ्याला पहिला प्रश्न हा पडतो की हे वासरू बाजूला का होत नाही? रस्त्याच्या कडेला वळले असते तर सुटले असते. माझ्या तरुणपणी खंबाटकी घाटात मी एस.टी.च्या पुढच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा असेच एक वासरू बसपुढे सापडले होते. चालकाने कर्णा वाजवला तशी ते अधिकच सरळ पळू लागले, आणि शेवटी त्याने बस जवळजवळ थांबवली तेव्हा कुठे ते दरीच्या बाजूच्या कठड्याला अंग घासत उभे राहिले. जवळ गेलो तर त्याच्या नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता आणि मागचे पाय थरथरत होते. याला कारण आहे. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना सभोवारचे बहुतेक सगळे दिसते, फक्त थेट पाठीमागचा एक पट्टा दिसत नाही. मागून येणारी वस्तू नेमकी त्या पट्ट्यात असली की जनावराला आवाज ऐकू येतो, जमिनीची थरथर खुरांतून कळते, पण शत्रू दिसत नाही. अशा वेळी ते समोर जी मोकळी वाट दिसते तिनेच पळते. घाटात एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला उतार असल्यावर मोकळी वाट म्हणजे रस्ता. शिवाय हे वासरू कळपापासून तुटले आहे, आणि कळपाकडे परत जायची वाट घोड्यांनी अडवली आहे. कोलरने हे शास्त्र वाचून रंगवले नसेल, पण गुरांमध्ये राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक असते. ते वासरू मूर्ख म्हणून पळत नाही. त्याच्या शरीराने दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही.

आणखी एक बाब. घोडे आणि वासरू दोन्ही धावत आहेत, पण त्यांचे धावणे वेगळे आहे, आणि चित्रात ते वेगळे दिसते. घोड्याच्या धावण्यात लय असते, शिवाय हे घोडे जुंपलेले आहेत, लगामात आहेत, त्यांची भीती माणसाच्या हातात आहे. लहान वासराचे पाय अंगाच्या मानाने लांब, सांधे अजून न भरलेले, म्हणून त्याच्या धावण्यात एक विस्कळीतपणा असतो; पुढचे आणि मागचे पाय जणू वेगवेगळ्या जनावरांचे असावेत तसे पडतात. ज्याने गोठ्यात नुकते सोडलेले वासरू पाहिले आहे त्याला हे लगेच ओळखू येईल. रंगधानी यांनी लिहिलेला खाटकाच्या घरचा तपशील वाचून मला आश्चर्य वाटले नाही. त्या जनावरांच्या खुब्याची हाडे आणि खांद्याची पाती जिथे असायला हवीत तिथेच आहेत. गायींना वशिंड नाही आणि गळ्याखालची पोळी आपल्या खिलार जनावरांएवढी नाही, म्हणून आपल्या डोळ्यांना त्या प्रथम बोडक्या वाटतात, पण थंड प्रदेशातल्या गुरांची ठेवण तशीच असते.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

चर्चा उत्तम चालली आहे. मला एकच शंका आहे. हे चित्र एका रेल्वे कंपनीने सांगून करून घेतले होते असे वाचल्याचे आठवते. तसे असेल तर रेल्वेवाल्यांनी घोडागाडीचे चित्र का मागितले? आणि सांगून केलेल्या कामाला चित्रकाराचे प्रौढ काम म्हणून एवढे वजन द्यावे का?

जुने टपाल यांचे उत्तर

होय, ते सांगूनच करून घेतलेले चित्र आहे. स्वित्झर्लंडच्या नॉर्डओस्टबान या ईशान्य रेल्वे कंपनीने आपला सर्वेसर्वा आल्फ्रेड एशर पदावरून निवृत्त झाला तेव्हा त्याला भेट देण्यासाठी कोलरकडून ते करवून घेतले. एशर हा साधा अधिकारी नव्हता. झ्युरिकचे तंत्रविद्यापीठ आणि १८५६ मध्ये स्थापन झालेली बँक यांच्या उभारणीत त्याचा मुख्य वाटा होता, आणि या वेळी तो गोटहार्डच्या रेल्वेमार्गाचा सूत्रधार झालेला होता. बोगद्याचे काम १८७२ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे चित्र रंगवले जात होते तेव्हा त्या घाटाच्या पोटात सुरुंग लागत होते, आणि ही टपालगाडी आता थोड्या वर्षांची सोबती आहे हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि चित्रकाराला तिघांनाही माहीत होते.

पाऊलवाट यांच्या ‘घोडागाडी का’ या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते. खिंडीवरून गाडीरस्ता १८३० च्या सुमारास पुरा झाला आणि १८४२ पासून दहा उतारूंची पाच घोड्यांची टपालगाडी रोज धावू लागली. उत्तरेकडच्या फ्ल्युएलेन या सरोवरकाठच्या गावापासून इटलीतल्या कोमोजवळच्या कामेर्लातापर्यंत ती जवळजवळ एका दिवसरात्रीत पोहोचायची. त्या पिढीच्या दृष्टीने गती म्हणजे ही गाडी होती. २,१०० मीटरहून उंच खिंड ओलांडून दक्षिणेला ऐरोलोकडे उतरताना ट्रेमोलाची ती एकापाठोपाठ एक वळणे लागत. आगगाडीचा बोगदा १८८२ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एशरचा मृत्यू झाला. त्याआधीच, १८७८ मध्ये, खर्च वाढल्याच्या वादात त्याला गोटहार्ड कंपनीच्या अध्यक्षपदावरून दूर व्हावे लागले होते. पुढचे हे सारे ध्यानात ठेवून चित्राकडे पाहिले की ते वासरू आणखी जड होते, पण कोलरला १८७३ मध्ये हे काही ठाऊक नव्हते, म्हणून त्याच्या कुंचल्यावर हा अर्थ लादू नये असे मी म्हणेन.

सांगून केलेल्या कामाला वजन द्यावे का, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मागणाऱ्याला प्रसंग हवा होता, पण घोड्यांपुढे धावणारे ते पोर जनावर भेटीच्या चित्रात कुणी मागून घेत नाही. निरोपाच्या भेटीत गाडी दिमाखाने धावताना दाखवली असती तरी काम भागले असते. ज्या माणसाने अर्धे आयुष्य गुरांच्या सहवासात घालवले त्यालाच हे सुचते की रस्त्यावरून गाडी येते तेव्हा रस्त्यावर आधीपासून कुणीतरी असते.

आकाराबद्दलही एक निरीक्षण नोंदवतो. गाडी आणि घोडे म्हटले की चित्रकार आडवा कॅनव्हास घेतो, कारण धावण्याची दिशा आडवी असते. घोडा बाजूने दाखवला की त्या काळी त्याचे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत दाखवण्याची रूढी होती. १८७८ मध्ये एडवर्ड माय्ब्रिजने धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली तेव्हा कुठे कळले की चारही पाय हवेत असतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो, ताणलेले असतानाचा नसतो. कोलरने पाच वर्षे आधी उभा कॅनव्हास घेतला आणि गाडी पाहणाऱ्याच्या अंगावर, वरून खाली आणली. पाय समोरून पाहिल्यामुळे आखूड दिसतात, एकमेकांआड जातात, आणि ताणलेल्या पायांची ती खोटी रूढी या चित्रात कुठे आड येत नाही. उतार, उंची आणि वेग तिन्ही एका उभ्या चौकटीत बसले. या चित्राची दुसरी आवृत्ती त्याने १८७४ मध्ये केली, तिची मांडणीही बहुतांशी तशीच आहे. हा उपाय त्यालाही पुरेपूर पटला असावा.

रंगधानी यांचा पुन्हा प्रतिसाद

उभ्या चौकटीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो फार महत्त्वाचा आहे. त्याला एक जोड देतो. डोळ्यांच्या विकारावर मी जरा जास्तच भार दिला असे आता वाटते. ताईंना जाणवलेली गर्दी आणि टणक कडा यांच्यामागे गिऱ्हाईक आणि प्रदर्शनेही आहेत. ‘टपालगाडी’च्या यशानंतर कोलरकडून लोकांना प्रसंग हवे होते, गोष्ट सांगणारी चित्रे हवी होती. त्याचा खरा पिंड एका जनावरासमोर तासन् तास उभे राहण्याचा. गोष्ट सांगायची म्हणून आकृत्या वाढवल्या की प्रत्येक आकृतीला मिळणारा उजेडाचा अभ्यास कमी पडतो, आणि मग बाह्यरेषा ती उणीव भरून काढायला जाते. सकाळच्या उन्हात पाण्याकाठी उभ्या गायी किंवा कुरणातली दुपार, असे साधे विषय त्याने उत्तरकाळातही जेव्हा घेतले तेव्हा हात पुन्हा सैल झालेला दिसतो. ताईंनी उत्तरकाळ सरसकट एका मापाने मोजू नये, विषयागणिक मोजावा, अशी माझी सूचना आहे.

लिमातकाठची यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल शनिवारी मी ही सगळी उत्तरे छापून बरोबर नेली आणि आधी झ्युरिकहॉर्नला गेले. आता तिथे बाग आहे, सरोवराच्या काठाने लोक फिरायला येतात. कोलर १९०५ मध्ये वारला तो याच परिसरातल्या त्याच्या घरी. ऊन चांगले होते, आणि पाण्यावरून परतणारा उजेड झाडांच्या बुंध्यांवर खालून पडत होता. रंगधानी यांनी गायीच्या पोटाखालच्या उजेडाबद्दल लिहिले आहे ते मला तिथे झाडांवर पाहून समजले. पाण्याकाठी घर घेणाऱ्या चित्रकाराला हा खालचा उजेड रोज फुकट मिळत असणार.

तिथून कुन्स्टहाउसला गेले. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्यावर मी या वेळी घोडे पाहिलेच नाहीत, आधी वासराचे पायच पाहिले. ते म्हणतात तसा विस्कळीतपणा आहे. आणि ‘मागून येणारे दिसत नाही’ हे मनात धरून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की या चित्रात गाडी जिला नीट दिसते अशी एकटी मीच आहे, म्हणजे पाहणारी. गाडीवानाची नजर रस्त्यावर, घोड्यांना पाठीमागची गाडी दिसत नाही, वासराला तर काहीच नाही. मी उभी आहे ती जागा वळणाच्या खालच्या अंगाला, नेमकी वासराच्या वाटेत.

रंगधानी, तुमच्या सूचनेप्रमाणे उत्तरकाळ विषयागणिक पाहायला सुरुवात केली आहे. एका अडचणीत मात्र मदत हवी आहे. अभ्यासचित्र आणि पूर्ण चित्र ही शेजारीशेजारी पाहायला मिळाली तर नवशिक्या माणसाने प्रथम कुठे नजर लावावी? जनावराच्या अंगावर, की जनावर आणि जमीन जिथे भेटतात त्या खुरांच्या सावलीवर?

रंगधानी यांचे उत्तर

खुरांच्या सावलीवर. अभ्यासचित्रात ती कुंचल्याच्या एका ओढीत पडलेली असेल आणि तिच्यात गवताचा रंग मिसळलेला असेल. पूर्ण चित्रात ती गडद, वेगळी आणि नेटकी झालेली दिसली, तर समजा की त्या वेळी गाय समोर नव्हती.